कालव्यापर्यंत आणि परत

४ मार्च, मंगळवार

ताई,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही. पत्ता शेजारणीकडून लिहून घेतला, कारण माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच ड्रॉवरमध्ये टाकलं असतंस. आता फोडलंच आहेस तर वाच. सहा वर्षं मी गप्प राहिले, हे माझ्या स्वभावाच्या मानानं काही कमी नाही.

बातमी अशी, की जानेवारीत मला हार्ट अटॅक आला. आता बरी आहे. एक स्टेंट बसवलाय, पाच गोळ्या चालू आहेत, आणि जी दाढ दोन दिवस ठणकत होती तिला काहीही झालेलं नाही. हो, मी दाढच समजत होते. दातांच्या डॉक्टरची संध्याकाळची वेळही घेतली होती. तोवर सकाळचे धडे उरकून टाकू म्हटलं. शेजारी पन्नाशीची एक बाई स्टिअरिंगवर होती. तिचा पाचवा धडा, आणि गाडी वळवताना डोळे मिटायची सवय. चौकात मला दरदरून घाम फुटला आणि डावा हात कामातून गेला. मी तिला म्हटलं, "आजचा धडा बदलला. सरळ हॉस्पिटलला घ्या." ताई, त्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा गाडी बंद न पाडता चालवली. मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून, अर्धमेल्या अवस्थेत, तिला इंडिकेटर द्यायला सांगत होते. सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवल्याचं त्या दहा मिनिटांत सार्थक झालं.

आता मी आठवड्यातून तीनदा हॉस्पिटलच्या तळघरात व्यायामाला जाते. हृदयाच्या पेशंटांसाठी बारा आठवड्यांचा कोर्स असतो. अंगाला वायरी लावतात, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवतात, सायकल मारायला लावतात, हळूहळू वाढवत नेतात. तुला हसू येईल. भावोजी गेले त्या सकाळपासून मी पायी चालणंच सोडलं होतं. कोपऱ्यावरून साबण आणायचा तरी गाडी काढायची. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बसून बसून हे ओढवून घेतलंत." मी म्हटलं, धंदाच बसायचा आहे. खरं कारण त्यांना कशाला सांगू?

तुला ते ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या त्या कॉरिडॉरमध्ये तू मला म्हणाली होतीस, "तू त्यांना चालवून चालवून मारलंस." त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि तुझं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही.

मुद्द्यावर येते. तिथल्या फॉर्ममध्ये "घरचं माणूस" असा एक रकाना आहे. शेवटच्या आठवड्यात एक दिवस त्या माणसाला बरोबर आणायचं असतं. पेशंटला किती चालू द्यायचं, कुठे थांबवायचं, दुखलं तर काय करायचं आणि उगाच काळजीपोटी अंथरुणात कसं डांबून ठेवायचं नाही, हे सगळं शिकवतात. मी त्या रकान्यात तुझं नाव लिहिलं. आधी विचारायला हवं होतं. पण माझं लग्न नाही, मूलबाळ नाही, दुसरं कुणाचं नाव लिहिणार? गाडीचं लिहिलं असतं तर चाललं नसतं.

बारा मे, सोमवार, सकाळी दहा वाजता. येशील का, एवढंच विचारायचं होतं.

धाकटी


१७ मार्च, सोमवार

ताई,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. हे पाकीट मीच लिहिलंय, आता लपवाछपवी नाही.

तळघर कसं आहे ते सांगते. पूर्वी तिथे चादरी आणि उशांचे अभ्रे ठेवायचे, अजून साबणाचा वास येतो. भिंतीकडे तोंड करून चार पट्टे, दोन सायकली, एक लाकडी पायरी, एवढाच संसार. छताजवळ एक लांबट खिडकी आहे, तिच्यातून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. आम्ही जागच्या जागी चालत असतो आणि वर बाकीचं जग चपला घालून कुठेतरी पोचत असतं.

आमची बाई म्हणजे फिजिओथेरपिस्ट. गळ्यात स्टॉपवॉच अडकवून हिंडते म्हणून मी तिचं नाव घड्याळवाली ठेवलंय. वय असेल तिशीच्या आत, पण दरारा एखाद्या मुख्याध्यापिकेचा. पहिल्याच दिवशी पट्टा सुरू झाला आणि चाळीस सेकंदांत मी लाल बटण दाबलं. दुसऱ्यांदा सुरू केला, पुन्हा दाबलं. ती म्हणाली, "मावशी, हे बटण संकटासाठी आहे." मी म्हटलं, "बाई गं, सव्वीस वर्षं मी संकटाच्या आधीच ब्रेक दाबण्याचा पगार घेतेय."

माझ्या शेजारच्या पट्ट्यावर एक सुतारकाका असतात. त्यांची बायपास झालीय. छातीचं हाड अजून जुळतंय, म्हणून खोकताना किंवा हसताना छातीशी एक छोटी उशी घट्ट धरावी लागते. मी आले की ते आधी उशी शोधतात. परवा म्हणाले, "तुम्ही जरा कमी बोला हो, टाके उसवतील." इतक्या वर्षांत माझ्या विनोदाला मिळालेली ही सगळ्यात मोठी पावती.

आता एक गंमत. आमच्या गोळ्यांमुळे नाडी मुद्दाम संथ ठेवलेली असते, त्यामुळे किती दम लागतोय हे नुसत्या नाडीवरून कळत नाही. मग दर दोन-तीन मिनिटांनी घड्याळवाली एक तक्ता समोर धरते. सहापासून वीसपर्यंत आकडे. सहा म्हणजे नुसतं बसल्यासारखं, अकरा म्हणजे हलकं, तेरा म्हणजे थोडं जड, पंधरा म्हणजे जड, वीस म्हणजे आता मेलोच. सहापासूनच का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही आधी चाला." आपला आकडा आपण सांगायचा. अकरा आला की ती वेग वाढवते, पंधरा आला की आहे तिथेच ठेवते.

मी पंधरा सांगते. दर वेळी पंधरा.

खरा अकरा असतो. कधीकधी तर दहा. तीन आठवडे झाले, माझा पट्टा पहिल्या दिवशी होता त्याच वेगानं चाललाय, आणि सुतारकाका उशी सांभाळत पार पुढे निघून गेलेत. शिकाऊ लोक रस्ता मोकळा असताना दुसऱ्या गिअरमध्येच गाडी रेटतात, तेव्हा मी त्यांच्यावर खेकसते. आता मीच तशी चाललेय. घड्याळवालीच्या डोळ्यांत धूळ फेकणं सोपं आहे, एवढंच तुला सांगायचं होतं. असं का करते, ते विचारू नकोस.

धाकटी


२ एप्रिल, बुधवार

ताई,

पकडले गेले.

आज पट्ट्यावर मी सुतारकाकांना क्लच कसा सोडायचा ते समजावत होते. ते गाडी चालवत नाहीत, कधी चालवणारही नाहीत, पण माणसाला माहिती असावी. माझं हे चालू असताना घड्याळवालीनं तक्ता धरला आणि मी न थांबता म्हटलं, "पंधरा." आणि पुन्हा क्लचकडे वळले.

ती गेली नाही. तिथेच उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, पंधराला माणसाला चार शब्द बोलून श्वास घ्यावा लागतो. तुम्ही पाच मिनिटं प्रवचन देताय."

"मला सवय आहे," मी म्हटलं.

"मग आता खरं सांगा."

"पंधराच."

तिनं पट्टा थांबवला. सगळ्यांसमोर ओरडली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ती माझ्या अंगावरच्या वायरी काढत हळूच म्हणाली, "बहुतेक लोक आकडा कमी सांगतात, मर्दुमकी दाखवायला. तुम्ही जास्त सांगता. म्हणजे तुम्हाला कशाची तरी भीती वाटते. कशाची?"

ताई, त्या साबणाच्या वासात, छातीवर चिकटपट्ट्यांचे लाल डाग घेऊन मी हमसून हमसून रडले. सुतारकाकांनी आपली उशी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मी असंच चालवलं. ते माझ्या डोळ्यांदेखत गेले. चालल्यावर काय होतं ते मला माहिती आहे."

तिनं स्टूल ओढलं आणि सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. भावोजींना पहिला झटका आला तेव्हा डॉक्टरांनी रोज थोडं चालवा म्हणून लिहून दिलं होतं, पण तुझी पाचावर धारण बसली. शाळेतली चित्रकलेची नोकरी सोडलीस आणि चौदा महिने त्यांना पलंगावरून हलू दिलं नाहीस. न्हाणीघरापर्यंतची पावलंसुद्धा मोजायचीस. मी तुझ्या डोक्यावर बसून बसून शेवटी मंगळवार आणि शनिवार मिळवले. सकाळी कालव्यापर्यंत जायचं, बाकावर टेकायचं आणि परत यायचं. आठव्या सकाळी ते परत आले नाहीत.

"किती चालायचे?"

"जाऊन-येऊन वीस मिनिटं. गप्पा मारत."

"दम लागायचा?"

"नाही."

"मग तुम्ही काही वावगं केलं नव्हतं. त्या दिवशी निघण्याआधी त्यांना काही होत होतं का? छातीत, हातात, पोटात?"

मी म्हटलं, "नाही."

मघाशी पंधरा म्हटलं ना, तितक्याच सहज.

धाकटी


३ एप्रिल, गुरुवार, सकाळी

ताई,

अजून चहाही घेतलेला नाही. घेतला तर धीर सुटेल आणि हे पुन्हा सहा वर्षं तसंच राहील.

त्या सकाळी मी त्यांना न्यायला आले तेव्हा तू आत होतीस. आम्ही जिना उतरत होतो. दुसऱ्या वळणावर ते कठड्याला धरून थांबले आणि छातीच्या मधोमध मूठ ठेवली. मी विचारलं, काय होतंय? म्हणाले, "काही नाही गं, जरा जळजळतंय. ताईला सांगू नकोस. परत अंथरुणात घालेल मला."

मी वर बघितलं. दार उघडंच होतं. एक हाक मारली असती तर तू आली असतीस.

मी हाक मारली नाही. भावोजी मला म्हणाले होते म्हणून, हे आहेच. एकोणिसाव्या वर्षी मला गाडी त्यांनी शिकवली, मी धंदा काढला तेव्हा आईबाबांशी तेच भांडले, त्यांचा शब्द मी कधी मोडला नव्हता. पण ते पूर्ण खरं नाही. पूर्ण खरं असं, की मला तुझ्यापुढे जिंकायचं होतं. चौदा महिने आपण दोघी भांडत होतो, आणि सात सकाळी माझं बरोबर ठरत होतं. त्यांचा चेहरा उजळला होता, जेवण वाढलं होतं. आठव्या सकाळी वर जाऊन "यांना दुखतंय" म्हणणं म्हणजे तुझं खरं ठरणं. ते मला नको होतं. म्हणून मी म्हटलं, "चला, हळूहळू जाऊ."

बाकावर बसल्यावर ते पाण्याकडे बघत होते. काहीतरी बोलले आणि मान टाकली. काय बोलले ते मला कळलं नाही.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, त्यांना नाही. तुला नाही. काल घड्याळवालीलाही नाही. तू मला कॉरिडॉरमध्ये जे बोललीस ते मी मान खाली घालून ऐकलं, कारण त्यापेक्षा वाईट काहीतरी माझ्याकडे होतं आणि तुला ते माहीत नव्हतं. चालण्यानं ते गेले असं तू म्हणत होतीस. मी मात्र त्यांचं दुखणं लपवलं होतं.

आता तुला वाटेल ते कर. बारा मेला यायचं नसेल तर मी समजू शकते. पण रकान्यातलं तुझं नाव मी खोडणार नाही, ते माझ्याच्यानं होणार नाही.

मी उद्या घड्याळवालीला खरा आकडा सांगणार आहे.

धाकटी


२५ एप्रिल, शुक्रवार

ताई,

तीन आठवडे झाले, तुझं पत्र नाही. पोस्टमन दिसला की मी दारात जाऊन उभी राहते, आणि तो वरच्या मजल्यावर निघून जातो. तरीही लिहिते, कारण एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही.

मी खरे आकडे सांगायला लागले. पहिल्याच दिवशी अकरा म्हटलं आणि तिनं वेग वाढवला. बारा म्हटलं, तिनं तसाच ठेवला. त्या दिवशी घरी येऊन मी तासभर नुसती पलंगावर बसून मरण्याची वाट पाहिली. मेले नाही. भूक मात्र सडकून लागली. मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढलं. गेल्या सोमवारी लांब कॉरिडॉरमध्ये सहा मिनिटं चालवून मोजलं. फेब्रुवारीत मी दोनशे ऐंशी मीटर गेले होते, आता चारशे दहा. भाजीवालीपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. आता लोक मला बघून रस्ता बदलतात.

घड्याळवालीनं बाहेर चालायची परवानगी दिली, पण एकटीनं नाही. सुतारकाका म्हणाले, मी येतो. मी त्यांना सगळं सांगितलं होतं, तुला लिहिलेलंसुद्धा. त्यांनी फक्त विचारलं, "कुठल्या रस्त्यानं जायचं?" मी म्हटलं, कालव्याच्या.

मंगळवारी गेलो. कालवा तसाच आहे, बाकाला नवा हिरवा रंग दिलाय. बसवलं नाही मला तिथे. उभ्यानंच थोडा वेळ काढला आणि परत फिरलो. येताना चढ लागतो ना, दवाखान्याच्या मागचा, तिथे माझ्या छातीत काहीतरी आवळलं. मग जबडा. तीच दाढ.

आणि ताई, माझ्या तोंडात पहिलं वाक्य काय आलं सांगू? "काका, कुणाला सांगू नका." अगदी ओठांवर आलं होतं. भीतीपोटी नव्हे. चारशे दहा मीटर माझे होते, आता ते काढून घेतील, परत पहिल्या वेगावर आणतील, घरात बसवतील, म्हणून. भावोजी जिन्यात का तसं म्हणाले ते मला सहा वर्षांत पहिल्यांदा कळलं. त्यांना मरायचं नव्हतं, त्यांना फक्त पुन्हा झोपायचं नव्हतं.

मी थांबले. मोठ्यानं म्हटलं, "काका, मला दुखतंय." इतक्या मोठ्यानं की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. खुर्ची आली, गोळी जिभेखाली गेली, काकांनी घड्याळ धरलं. चार मिनिटांत ओसरलं. तरी रिक्षानं हॉस्पिटल गाठलं, तपासण्या झाल्या. नवीन काही नाही. डॉक्टरांनी एक गोळी बदलली आणि चढ काही दिवस बंद केला. सपाटीवर चालायचंच, म्हणाले.

घड्याळवालीनं फाइलमध्ये लिहून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, आज तुम्ही पास झालात." एवढं वय झालं तरी हे शब्द ऐकून काय गोड वाटतं.

तू आली असतीस तर बरं झालं असतं. हे रागानं नाही लिहीत, तसं वाटलं म्हणून लिहिते.

धाकटी


८ मे, गुरुवार

ताई,

तुझं पत्र काल दुपारी आलं. जिन्यातच फोडलं, उभ्यानंच वाचलं, मग पायरीवर बसून पुन्हा वाचलं. वरून येणारे लोक माझ्या बाजूनं अंग चोरून जात होते.

तू लिहिलंस, की त्या सकाळी मी यायच्या अर्धा तास आधी भावोजींनी दात घासताना छातीवर हात दाबला होता. तू त्यांना जिभेखाली गोळी दिलीस. बरं वाटलं म्हणाले. आणि वर म्हणाले, "धाकटीला सांगू नकोस, ती मला नेणार नाही." तू नाही सांगितलंस. कारण, तू लिहिलंस, "मला तू त्यांना न्यायला हवी होतीस. चौदा महिन्यांत मला एक तास मिळाला नव्हता. मंगळवार आणि शनिवार मी बोटांवर मोजायचे. 'आम्ही निघालो' असं तू दारातून म्हणालीस, तेव्हा मी मुद्दाम आत राहिले, तुझ्याकडे बघितलं असतं तर सांगून टाकलं असतं. तुम्ही गेल्यावर मी पलंगाच्या मधोमध आडवी झाले आणि झोपले. तुझे फोन वाजत होते ते मला ऐकूही आले नाहीत. इतकी छान झोप मला त्यानंतर कधी लागली नाही. मी ते सगळं तुझ्या माथी मारलं, कारण ती झोप मी कुणाच्या माथी मारू?"

ताई, हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल.

मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून गप्प आहेस. तुला वाटत होतं मला कळलं तर मी तोंड बघणार नाही. आपण दोघी सहा वर्षं एकाच दुखण्यावर बसून होतो, तू तुझ्या घरात, मी माझ्या.

काल मी तुझं पत्र घेऊनच व्यायामाला गेले. घड्याळवालीला यावेळी काही न लपवता विचारलं, आमच्यापैकी एकीनं जरी तोंड उघडलं असतं तर ते वाचले असते का? ती खोटं बोलत नाही, म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगता येत नाही. त्या दिवशी चालायला न जाता दवाखान्यात गेले असते तर कदाचित. कदाचित तरीही नाही. पण चालण्यानं ते आजारी पडले नव्हते, आणि तुमच्या ताईंना एक तास हवा होता त्यात काही पाप नव्हतं. त्यांना तो चौदा महिने आधी मिळायला हवा होता." हे जसंच्या तसं तुला कळवते. अर्ध्या गोष्टीनं तुझं समाधान होणार नाही, माझंही झालं नाही. पण निदान आता आपल्या दोघींकडे सारखंच आहे.

त्या तासाबद्दल माझ्याकडून ऐक. तू झोपलीस ते बरं केलंस. मी इतकी हुशारी मिरवायचे, भावोजींना कुणी मोकळा श्वास द्यावा म्हणून तुझ्याशी भांडायचे, पण तुला कुणी द्यावा हे माझ्या मठ्ठ डोक्यात एकदाही आलं नाही. मंगळवारी त्यांना नेलं आणि शनिवारी तुला नेलं असतं तर माझं काय बिघडलं असतं?

तू शेवटी एका ओळीत लिहिलंस, "रविवारी दुपारच्या गाडीनं येते, सोमवारचं काय ते शिकवा मला." शिकवतील. घाबरू नकोस, तिथे सगळे आपल्यासारखेच घाबरट आहेत. माझ्याबरोबर पट्ट्याशेजारी उभी राहा, आकडा ऐक, आणि मी पंधरा म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघ. चढ अजून बंद आहे, तेव्हा स्टेशनवर गाडी घेऊन येते. तुझे गुडघे आता कसे आहेत ते तू लिहिलं नाहीस, म्हणजे वाईटच असणार. आपण हळू चालू.

आणि आणखी एक. काल घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी होते आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की या माणसानं एकाच सकाळी अर्ध्या तासाच्या अंतरानं तुला सांगितलं धाकटीला सांगू नकोस, आणि मला सांगितलं ताईला सांगू नकोस. दोन बहिणींना दोन तोंडांनी गप्प करून स्वतः मजेत कालव्यावर फिरायला निघाले! त्यांना काय वाटलं, आपण कधी एकमेकींशी बोलणारच नाही? मला भावोजींचा असा काही राग आला की हातातलं भांडं मी आपटलं. सहा वर्षांत त्यांच्यावर रागवायचं मला सुचलंच नव्हतं. मेलेल्या माणसावर कोण रागावतं? पण ताई, रागावल्यावर मी टेबलाला धरून हसायलाच लागले, आणि मग रडले, आणि मग कुणीतरी छातीवरून पाय काढल्यासारखं वाटलं.

लवकर ये. मला त्यांना मनसोक्त शिव्या घालायच्या आहेत, आणि त्यांना माझ्याइतकाच जीव लावलेलं माणूस समोर बसल्याशिवाय मला ते जमणार नाही.

धाकटी